भोंग्याची हाक

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. तांब्याच्या खाणीमागे, एका लोखंडी खांबावर माझा मुक्काम असतो. खाली पसरलेल्या पाण्याला सगळे तळं म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. दगड दळून तांबं काढून घेतलं की उरलेला विषारी गाळ इथे सोडतात. पाणी मात्र इतकं निळंशार दिसतं की पाखरांना मोह आवरत नाही.

त्यांना हाकलायला मला आणलं. थवा खाली झेपावला की मी असा कोकलायचो की सगळे माघारी फिरत. ‘पळा’ एवढा एकच शब्द मला येतो. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं! पुढे मी गंजलो. आता पंपवाला सकाळी एकदा कळ दाबून मला थोडा वेळ वाजत ठेवतो आणि पलीकडच्या पंपांकडे निघून जातो.

कुंपणाला लागून त्याचं घर आहे. मी वाजलो की त्याची बायको घरच्या बदकांना दाणे टाकायची. घड्याळ बघायला नको म्हणून तिने ही सोय केली होती. बदकांनी मनाशी पक्कं केलं की हा आवाज जेवणाचा.

हल्ली तिची लेक पोटुशी आहे. तिचं दुखलंखुपलं बघता बघता दाण्यांना उशीर होतो. मग बदकं कुंपणाखालून थेट माझ्याकडे येतात. मी जीव तोडून ओरडतो. त्यांना वाटतं, आज फारच आग्रह चाललाय. ती पाण्यात उतरतात, पोटभर पितात आणि दाणे पडायच्या आत परत जातात. कुणाला पत्ताही लागत नाही.

काल एक बदक अंगणात मान टाकून पडलं. पंपवाला म्हणाला, ऊन लागलं असेल.

“अंड्यांची कवचं बघा हो, हात लावला की फुटतायत,” बायको म्हणाली.

“फुटू देत. पोरीला घाल खायला, अंगी लागतील.”

मला फार भीती वाटते, मित्रांनो. मला तेलपाणी नको, रंगही नको. तुमच्यापैकी कुणी त्या घरावरून गेलात तर दार वाजवा आणि पंपवाल्याच्या बायकोला सांगा, तो भोंगा बोलावत नाही, पळा म्हणतो आहे.

उजाडलं. पंपवाला कळीकडे निघाला आहे. कुंपणापाशी बदकं आधीच येऊन उभी आहेत, आणि आत लेकीसाठी अंडी उकडत ठेवली आहेत.