प्रत्येक कप्प्यात दोन

आमचे मिस्त्री सकाळपासून सातव्यांदा पाणी प्यायला उठले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अहो, बाटली जवळ घेऊन एका जागी बसा ना."

"बसवतच नाही," ते म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन परत आले.

हे त्यांच्या तोंडी शोभत नव्हतं. पस्तीस वर्षं माझ्या नवऱ्यानं लोकांच्या घरांतून फरश्या घातल्या. एकदा कोपऱ्यात गुडघे टेकले की जेवणाची वेळ होईपर्यंत मान वर नाही. त्या गुडघ्यांनीच शेवटी दावा साधला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, हाडंही ठिसूळ होत चालली आहेत. रोज एक कॅल्शियमची गोळी आणि दर रविवारी ड जीवनसत्त्वाची एक मोठी कॅप्सूल, असं आठ आठवडे. चिठ्ठीवर तसंच लिहिलं होतं आणि मी ती नीट वाचली होती. हे आधीच सांगून ठेवते, मागाहून कोणी म्हणायला नको की बाई अडाणी होती.

मिस्त्रींना घाई होती ती लेकीच्या नव्या स्वयंपाकघराची. तिथली फरशी मीच घालणार, असं कबूल करून बसले होते. लेकीनं मग गोळ्यांसाठी सात कप्प्यांचा एक डबा आणून दिला. प्रत्येक वाराला एक कप्पा, वर पारदर्शक झाकण. डबा बघून मी हरखले. अठ्ठावीस वर्षं चॉकलेटच्या कारखान्यात मी पट्ट्याच्या टोकाला उभी होते. समोरून चोवीस खणांचा ट्रे यायचा. एखादा खण रिकामा दिसला किंवा एकात दोन दिसली की मी लाल बटण दाबायचे, सगळा पट्टा थांबायचा. मिस्त्री मला घरात इन्स्पेक्टरबाई म्हणतात ते त्यावरूनच.

डब्याचा दोन महिन्यांत एक खाडा झाला नाही. कॅप्सूल संपल्या की मी दुकानातून आणायचे, तिथला माणूस ओळखीचा, काही न विचारता द्यायचा. तरी मिस्त्रींना उतार पडेना. तहान शमेना, पोट साफ होईना, जेवण समोर आलं की तोंड फिरवायचे. दुपारी फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मला वाटलं, औषधच कमी पडतंय. थोरल्या वन्संनी हाडांसाठी म्हणून पावडर पाठवली होती, तीही मी दुधात कालवायला लागले. पेला घेऊन या माणसाच्या मागे मी घरभर फिरत होते. त्यांना चैन नव्हतं म्हणून मलाही नव्हतं.

मग एका सकाळी लेकीच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकच भिंत तीनदा मोजली. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. टेप हातात तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, "हे घर कोणाचं गं?"

मी लेकीला रिक्षा आणायला पिटाळलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. वॉर्डातली डॉक्टर आमच्या लेकीच्याच वयाची होती. तिनं विचारलं, काय काय घेतात. मी पिशवीतून आदल्या रात्रीच भरलेला डबा काढला आणि चक्क तोऱ्यात तिच्या हातात दिला. तिनं सोमवारचं झाकण उघडलं, मग मंगळवारचं, मग एकेक करून सगळी.

"ही मोठी कॅप्सूल रोज देता, आजी?"

"नाही, रविवारी," मी म्हणाले आणि डब्यात बघितलं. प्रत्येक कप्प्यात दोन होत्या.

पहिल्या आठवड्यात मी बरोबर भरलं होतं. रविवारात दोन, बाकीच्यांत एकेक. पण असा ट्रे पट्ट्यावर आला असता तर मी बटण दाबलं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या हातांनी तो सारखा करून टाकला. डोकं तिथं नव्हतंच. कॅप्सूल इतक्या लवकर कशा संपतात हेही कधी मनात आलं नाही. उलट डबा भरून झाला की मला समाधान वाटायचं.

"रक्तात कॅल्शियम फार वाढलंय," डॉक्टर म्हणाली. "त्यानंच हे सगळं होतंय. पावडरमध्येही तेच आहे. आता सगळं बंद. मूत्रपिंडांना किती त्रास झालाय ते दोन-तीन दिवसांत कळेल."

ते दोन-तीन दिवस मी खुर्चीवर टेकले नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घातल्या, नर्सला आकडे विचारून भंडावून सोडलं. लेक म्हणाली, "आई, बस जरा." मला बसवत नव्हतं. हाताच्या सवयीपायी मी नवरा घालवून बसणार, एवढं एकच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी आकडे उतरले. मिस्त्रींनी डोळे उघडून छताकडे बघितलं आणि प्लास्टर वाकडं मारलंय म्हणाले. तेव्हा मला कळलं, माणूस जाग्यावर आला. मी सगळं सांगून टाकलं. मीच दिल्या, रोज, माझ्या हातानं.

"मला दिसलं होतं की," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात एकटा रविवार वर आलेला. नंतर सगळी रांग सारखी झाली. म्हटलं, बाईनं लेव्हल केली."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू तपासलेलं मी कशाला तपासू?"

ते शिव्या देते तर बरं झालं असतं. मी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळले.

घरी आलो त्याला आज चार दिवस झाले. फरशी लेकीनं दुसऱ्या मिस्त्रीला दिली, त्यावर हे अजून धुसफुसतात. औषध काहीच नाही, नुसतं पाणी आणि दर आठवड्याला रक्ताची तपासणी. आज रविवार. नाश्ता झाला आणि यांनी सवयीनं तळवा पुढे केला. मी डबा आणला, त्यांच्यासमोर सातही झाकणं उघडली. ते वाकून एकेका कप्प्यात बघत गेले, मीही बघत गेले.

"सगळे रिकामे," ते म्हणाले.

"सगळे," मी म्हणाले. तरी माझा हात टेबलावर ते लाल बटण चाचपत होता. मिस्त्रींनी तो धरला आणि मी झाकणं लावेपर्यंत सोडला नाही. सातही झाकणं मला एकाच हातानं लावावी लागली.