कोपऱ्यातला हिरवा ठिपका

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, पण भिंतभर पडदा होता. पडद्यावर अख्ख्या इस्पितळाच्या नेटवर्कचा नकाशा: कुठलं यंत्र कुठल्या यंत्राला जोडलंय, कुठली तार कुठल्या मजल्यावर जाते, सगळं. यंत्र चालू असेल तर ठिपका हिरवा, बंद पडलं की लाल. हे नेटवर्क ती सांभाळायची; नकाशा तिनेच बनवला होता आणि पोटच्या पोरासारखा त्याच्यावर तिचा जीव होता.

त्यातला एक ठिपका मात्र इस्पितळाचा नव्हता. अगदी खाली कोपऱ्यात, ‘बाबा’ असं लिहिलेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहणाऱ्या तिच्या वडिलांच्या घरातला इंटरनेटचा डबा. बाबा घड्याळजी. जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली आणि स्वतः एकदाही वेळेवर उठले नाहीत. झोपताना घरातलं एकूण एक बटण बंद करायची त्यांना खोड, त्यामुळे ठिपका रात्री लाल व्हायचा. सकाळी चहा ठेवता ठेवता ते डबा चालू करायचे, ठिपका हिरवा व्हायचा आणि इकडे तिचा जीव भांड्यात पडायचा. पूर्वी ती रोज फोन करायची, दर रविवारी जायची. ठिपका आला आणि फोन आठवड्यावर गेला, रविवार महिन्यावर. कामाचा डोंगर होता हे खरं, पण ठिपक्याने तिला आळशी केलं हेही तितकंच खरं.

त्या दिवशी सकाळीच एक्स-रे विभागातून आरडाओरडा सुरू झाला. फोटो निघत होते, पण वरच्या मजल्यावर डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हते. नकाशा मात्र हिरवागार. तिच्या शेजारी बसणारा सहकारी डोकं खाजवू लागला. हा गडी इतका संथ, की सगळे त्याला एक्स्प्रेस म्हणत.

“सगळं चालू दिसतंय की,” एक्स्प्रेस म्हणाला. “मग घोडं अडलंय कुठे?”

“हिरवा म्हणजे काय रे? आपण हाक मारतो, यंत्र ओ देतं. बस, तेवढंच. ओ देणारा कामही करतोय, असं कुणी सांगितलं तुला?”

तिने त्या विभागाच्या यंत्राचा मागचा आलेख उघडला. कालपर्यंत फोटो जात होते म्हणून रेघ वर-खाली उड्या मारत होती. आज सकाळपासून सपाट. यंत्र इमानदारीत ओ देत होतं आणि बाकी ढिम्म. एक्स्प्रेस वर जाऊन ते बंद करून पुन्हा चालू करून आला, आणि फोटो धडाधड जायला लागले.

खुर्चीत टेकत त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “मग तुझे बाबापण नुसतेच ओ देतात का गं?”

तो थट्टेत बोलला होता. तीही हसली, आणि हसता हसता तिने बाबांच्या ठिपक्याचा आलेख उघडला.

डबा एरवी कधी भल्या सकाळी चालू व्हायचा, कधी ऊन चढल्यावर, एकदा तर चक्क जेवणाच्या वेळेला. बाबांच्या स्वभावासारखीच वेडीवाकडी रेघ. पण अलीकडे ती पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली होती. रोज सकाळी आठच्या ठोक्याला. बाबा आणि आठच्या ठोक्याला?

“हे बाबा नाहीत,” ती उठत म्हणाली. “बटण दुसरंच कुणीतरी दाबतंय.”

स्वतःजवळच्या किल्लीने बाबांच्या घराचं दार उघडून ती आत गेली. बाबा पलंगावर पडले होते. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, हातात कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. तिला बघून ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

“बाथरूममध्ये घसरलो जरा,” ते म्हणाले. “विशेष काही नाही.”

“आणि डबा कोण लावतं?”

“शेजारच्या बाई. शाळेत शिकवतात ना, घड्याळाच्या काट्यावर निघतात. जाताना लावतात, रात्री येऊन बंद करतात. मीच सांगितलं त्यांना, लावला नाही तर आमची पोरगी सगळं टाकून धावत येईल.”

“फोनवर तर म्हणालात ठणठणीत आहे!”

“पाय सोडला तर ठणठणीतच आहे की.”

तिला रडू फुटलं. तिला राग आला होता, पण तो स्वतःचाच. पलंगाच्या कडेला बसून तिने त्यांचा हात धरला. हाताला यंत्राच्या तेलाचा तोच जुना वास होता.

“मी ठिपका बघत बसले, बाबा.”

बाबांनी दुसऱ्या हातातलं घड्याळ उशाशी ठेवलं. मग हळूच म्हणाले, “एक सांगू? परवा मनात आलं होतं. बाईंना म्हणावं, आज राहू द्या, लावू नका.”

“मग का नाही म्हणालात?”

“तुमच्या तिथे केवढी आजारी माणसं. म्हटलं, आपलं काय एवढं.”

प्लास्टर निघेपर्यंत ती रोज संध्याकाळी गेली. मग बाबा पुन्हा आपल्या पायांनी फिरू लागले आणि रेघ पुन्हा वेडीवाकडी झाली. ती बघून तिला बरं वाटायचं. पण कामाचा डोंगर तिथेच होता, आणि हळूहळू दोन भेटींमधलं अंतर पुन्हा वाढायला लागलं.

एका भर दुपारी कोपऱ्यातला ठिपका लाल झाला. एक्स्प्रेस आयुष्यात पहिल्यांदा धावला, तिला बोलवायला. तिने लगेच फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला.

“बाबा! काय झालं?”

“काही नाही. मीच बंद केलाय.”

“का?”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला.

“चहा टाकतोय. येतेस?”