नरहरींची सहावी पायरी

नरहरींची वही निळ्या पुठ्ठ्याची होती, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त होताना आणलेली. नऊ वर्षं त्यांनी तिच्यात एकाच गोष्टीच्या नोंदी ठेवल्या होत्या: मराठी कीबोर्डच्या पॅकेजच्या, म्हणजे संगणकावर मराठी लिहू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेल्या एका मोफत संगणक प्रणालीत हे एवढंसं पॅकेज होतं, आणि ते सांभाळणारा माणूस एकच, रायपूरच्या चौबे कॉलोनीतले नरहरी. ते जाऊन दोन महिने झाले होते.

प्रकल्पानं नवा नियम काढला होता. प्रत्येक पॅकेजची माहिती ठरलेल्या नमुन्यात हवी, आणि ते कधीही न हाताळलेल्या माणसानं नुसती ती वाचून पॅकेज बनवून दाखवायला हवं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत जमलं नाही, तर पॅकेज वगळणार. गॅसच्या कार्डावरचं बाबांचं नाव त्यांच्या मुलीनं, यामिनीनं, मागच्याच आठवड्यात बदललं होतं. त्यांच्या नावावर अजून चालू असलेलं असं आता हे एवढंच उरलं होतं.

आपल्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवरून बाबांच्या घरी येऊन चार सुट्ट्या तिनं वहीतलं त्या नमुन्यात उतरवायला दिल्या. शीर्षकं घातली, क्रम लावला, इकडचं तिकडचं गाळलं. ‘पंखा बंद करणे, कागद उडतात.’ गाळलं. ‘६. चहा ठेवणे.’ गाळलं. ‘सहाला यामिनीचा फोन, त्याआधी आटपणे.’ हेही गाळलं, पण जरा वेळानं.

रविवारी तीनला वर्ध्याहून अपर्णाताईंचा फोन आला. माहिती तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. दोघींची भेट कधी झालेली नव्हती.

"लिवलं तर मस्त तू," त्या म्हणाल्या, "पण तीनदा केलं, जुनंच पॅकेज बनून राहिलं वं. काकानं काही जादू ठेवली होती काय?"

"सगळं लिहिलंय ताई मी."

"मंग माह्यातच खोट आहे म्हन ना सरळ! सहाले बंद होते, पाहून घे."

यामिनीनं स्वतः करून पाहिलं. एकेक कमांड, न चुकता. जुनंच. पुन्हा जुनंच. मग तिनं वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवून निघाली. सहाव्या पायरीशी बोट थांबलं.

ती चहा पीत नसे. तेराव्यानंतर उरलेली चहापत्ती तिनं शेजारच्या लताबाईंना देऊन टाकली होती. आता वाटी घेऊन ती त्यांच्याच दारात गेली.

"काहून वं, पाहुणे आले काय?"

"नाही, काकू. कोणी नाही."

पाचवी पायरी करून तिनं आधण ठेवलं. बाबांसारखंच मंद आचेवर, ओट्याशी उभं राहून, उकळी तीनदा वर येईतो. कप घेऊन परत आली आणि सातव्या पायरीची कमांड दिली. नवं पॅकेज तयार झालं.

पाचव्या पायरीला पाठवलेली फाइल सर्व्हरवर पोचायला दहा-बारा मिनिटं लागत होती. त्याआधी पुढं गेलं की जुनीच उचलली जाई. बाबांना हे कारण ठाऊक होतं, की नुसती सवय होती? विचारायला कोणी नव्हतं.

‘६. बारा मिनिटं थांबणे,’ तिनं लिहिलं. मग खोडून लिहिलं, ‘६. चहा ठेवणे. बारा मिनिटं लागतात.’

साडेपाचला अपर्णाताई ओरडल्याच. "झालं वं! चहा बी झाला!" मग आवाज उतरला. "पण सांभाळनाऱ्याच्या रकान्यात काकाचं नाव कसं चालन? जित्या मानसाचं पाहिजे, पोरी."

"हो."

फोन ठेवून तिनं तो रकाना रिकामा केला. बराच वेळ तो रिकामाच राहिला. मग शाळेच्या दाखल्यावर असतं तसं तिनं पूर्ण नाव लिहिलं: यामिनी नरहरी खापरे.

सहा वाजले. रविवारी याच वेळी या घरात तिचा फोन यायचा. चहावर साय धरली होती. तिनं तो तसाच, थंड, पिऊन टाकला.