मादाम वोक्लेरच्या मापाचा पुतळा

मी एक जुना कापडी पुतळा आहे, मित्रांनो. नावाने पुतळा, अंगाने बाई, आणि तीही अर्धीच. मला डोके नाही, हात नाहीत आणि मांड्यांच्या खाली नुसता लाकडी दांडा आहे. पॅरिसमधल्या एका नामांकित शिवणघरात, सर्वांत वरच्या मजल्यावर माझा जन्म झाला. तिथे प्रत्येक श्रीमंत गिऱ्हाइकाच्या मापाचा एकेक पुतळा असे. बाई जाड झाली की पुतळ्याला कापूस लावून वर घट्ट मांजरपाट ताणायचे, बारीक झाली की तो कापूस काढायचा. म्हणजे टाचण्या टोचून घ्यायला बाईंनी यायला नको. आमची रांगच होती. सरदारांच्या बायका आणि सावकारांच्या बायका, सगळ्या बिनडोक्याच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत शिवणाऱ्या मुली आमच्या खांद्यांवर आपले ओले कोट वाळत घालत.

मला घडवले आर्मेलने. ती शिवणघरातली थोरली कारागीर. तिने मादाम वोक्लेरना समोर उभे करून माझा खांदा, माझी बरगडी, माझी कंबर बेतली आणि त्यांच्या नावाची फीत माझ्या छातीवर टाचली. मादाम तेव्हा फार बारीक होत्या आणि रुमालात खोकत असत. मालकांनी मला पाहिले आणि म्हणाले, "वा, अंगलट असावी तर अशी." त्या खोकतात का, हे त्यांनी विचारले नाही. पुढे कळले की मादामना क्षय झाला आहे, आणि त्यांना दूर डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवण्यात आले.

त्या गेल्या, मी राहिलो. माझे सुखाचे दिवस तेव्हाचेच. आर्मेलला काही नवे सुचले की ती माझ्याकडेच येई. तिचा जीव उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडावर. सरळ कापलेले कापड अंगावर नुसते टांगलेले असते. उरेब कापलेले अंगाला धरून वळते आणि पायांपाशी सुटते. पण त्याला घाई चालत नाही. ते कित्येक दिवस लोंबत ठेवावे लागते, आपल्याच वजनाने ताणून स्थिर होऊ द्यावे लागते, तेव्हा कुठे खालची कड कापायची. असे कितीतरी झगे माझ्या अंगावर लोंबत राहिले. नाचाच्या रात्री ते दुसऱ्याच कोणी घालून जात. मला कोणी विचारले नाही, आणि मी रागही धरला नाही. रागाचे कारण पुढे मिळाले.

मादाम बऱ्या होऊन परतल्या. दारातून आल्या तेव्हा गाल लाल होते आणि जिना चढूनही खोकला नव्हता.

"आर्मेल, मला झगा हवाय," त्या म्हणाल्या. "वसंतातल्या मोठ्या नाचासाठी. मी मेले असं निम्म्या पॅरिसनं धरून ठेवलंय. त्यांना दाखवायचंय मला." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "घ्या माप. डॉक्टर मला उद्याच पुन्हा वर डोंगरात बोलावतायत, नाचाच्या आदल्या दिवसापर्यंत काही येणं व्हायचं नाही."

आर्मेलच्या गळ्यात टेप होती. तिने ती हातातही घेतली नाही. "तुमचं माप आहे माझ्याकडे, मादाम," ती म्हणाली.

मादाम गेल्यावर इर्मा वर आली. ती खालच्या दालनात गिऱ्हाइके सांभाळी. जिभेने तिखट, पण नजर पक्की. "अगं, बाई चांगल्या भरल्यात अंगानं. पुतळ्याला कापूस लाव."

"कोट जाड होता त्यांचा."

"कोट जाड होता म्हणे. तुला बाई दिसतच नाहीत. लग्न लागलंय तुझं या ठोकळ्याशी."

आर्मेलने कापूस लावला, खोटे कशाला बोलू? माझ्या पोटावर, पाठीवर, कमरेवर. मग काळपट जांभळे सॅटिन माझ्यावर टाकून ती लांब उभी राहून बघू लागली. झगा चांगला दिसत होता. नुसता चांगला. तिने ओठ मुडपले, वरून लावलेला सगळा कापूस उपटून काढला आणि सॅटिन पुन्हा माझ्यावर सोडले.

तो झगा मी कसा सांगू तुम्हाला! एकच लांब शिवण, डाव्या काखेतून निघून अंगाभोवती फिरत घोट्याशी संपणारी. पाठ कमरेपर्यंत उघडी आणि खांद्यावरून ओघळत गेलेले काळे काचमणी. ते मणी जडवणाऱ्या मुली कापडाच्या उलट्या बाजूने काम करतात. मणी खाली, त्यांच्या नजरेआड लागत जातात. झग्याला गुंडी नाही, हूक नाही. हलवला की तो उजेड पिऊन पुन्हा सांडत असे. आणि शिवणीच्या आत कापड मुळीच सोडलेले नव्हते. एरवी ते सोडतात, म्हणजे पुढेमागे उसवून सैल करता येते. पण सॅटिनमधून त्याची कड उठून दिसली असती, म्हणून आर्मेलने ते कापून टाकले.

नाचाच्या आदल्या दिवशी मादाम आल्या. आरशांच्या खोलीत त्यांना झगा घालायला मदत करणाऱ्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. झगा बरगड्यांवर अडला होता. ताणाने शिवण पांढरी पडली.

मला तुलनेसाठी शेजारीच उभे केले होते. मादामनी एकदा आरशात पाहिले, एकदा माझ्याकडे.

"तिथं वर नर्स रोज मला काट्यावर उभं करायच्या," त्या हळूच म्हणाल्या. "वजन वाढलं की टाळ्या वाजवायच्या. मला वाटलं, इथंही वाजतील."

"मादाम, मी दुसरा शिवते," आर्मेल म्हणाली. "चूक माझी आहे."

"चूक कसली? हे माप माझंच आहे ना? मी मरत होते तेव्हाचं." त्यांनी सॅटिनवरून हात फिरवला, आणि तो हात काही निघेना. "पण काय केलंय हो तुम्ही हे. नको, दुसरा नको. शरद ऋतूत अजून एक नाच आहे. तोवर मी यात मावून दाखवते."

आर्मेलने तेव्हा झगा फाडून टाकायला हवा होता. हातात कात्री होती. तिने तो घडी केला, पातळ कागदात ठेवला.

आणि मादाम मावल्या. दूध सोडले, लोणी सोडले, मग जेवणच सोडले. शरदात त्या जिन्यावरून उतरल्या तेव्हा खालच्या सगळ्या दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. मासिकात छायाचित्र आले, मालकांनी खालच्या दालनात शँपेन उघडली आणि आर्मेलचा पगार वाढवला. इर्मा तेवढी तिच्याशी बोलेनाशी झाली. खोकला हिवाळ्यात परत आला. त्यातून मादाम उठल्या नाहीत.

झगा त्यांच्या नवऱ्याने संग्रहालयाला दिला. तो तिथल्या कुठल्याच पुतळ्याच्या अंगावर बसेना, म्हणून मलाही नेले. आता मी काचेच्या पेटीत उभा असतो. खाली पितळी पाटीवर शिवणघराचे नाव आहे. लोक येतात, माना वेळावतात, म्हणतात, "काय नजाकत! तेव्हाच्या बायकाच तशा." मला ओरडावेसे वाटते, पण तोंडच दिलेले नाही.

मध्यंतरी आर्मेल आली होती, काठी टेकत, पार म्हातारी. काचेपुढे एक शाळकरी मुलगी पोट आत ओढून उभी होती. झग्याकडे बघत होती आणि काचेत आपल्याकडे. आर्मेलने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास सोड, पोरी."

"पण किती सुंदर आहे ना हो, आजी?"

"आहे," आर्मेल म्हणाली. "मीच शिवलाय. सोड श्वास आधी."

मित्रांनो, झगा बघा. त्यातली शिवण बघा, मणी बघा, दिपून जा. ती कला खरीच आहे. पण माझ्या शेजारी उभे राहून स्वतःला मापू नका. समोरच्या माणसाला रोज नव्या टेपने मोजा, जुन्या पुतळ्यावरून नको. माझी कंबर इतक्या वर्षांत तसूभर वाढलेली नाही, कारण माझ्या पोटात कापूस आहे आणि मला भूक लागत नाही.