लिनक्सचा रुसवा

सासऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स घालायची अवदसा मला आठवली ती नेमकी सरस्वतीपूजेच्या दिवशी. व्हायरसनं मेलेलं मशीन मी उठवून बसवलं. वायरलेस तपासणार, एवढ्यात सासूबाई सकवारबाई ते पूजेला घेऊन गेल्या. चेन्नईत त्या दिवशी पुस्तकं-अवजारं चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडतात आणि दुसऱ्या सकाळी नमस्कार करूनच उचलतात. मी पडलो साताऱ्याचा. सकाळी लॅपटॉप सरळ उचलला आणि कामाला लागलो.

काम नाजूक होतं. मेहुणी कमलिनी सिंगापूरला असते. तिचा गिरीधर चार वर्षांचा, बोलतो सगळं इंग्रजीत. आज विजयादशमीला त्याचं पहिलं अक्षर, आणि या तंजावरी मराठी घरात ते आजीच काढून देते. सासूबाई इकडे ताटातल्या तांदळांत ‘श्री’ काढणार, त्यानं तिकडे पडद्यावर बघून गिरवायचा. मुहूर्त नऊपर्यंत. ‘आज चुकलें तर लेकरूं आधीं ए-बी-सी शिकेल,’ म्हणत त्या पहाटेपासून ताट मांडून बसलेल्या.

नेट वरच्या मजल्यावरच्या राजगोपालमामांचं, आणि मामा घराला कुलूप लावून गावाला. म्हणजे वायर जोडायचीही सोय नाही. व्हिडिओवाले फोन तेव्हा घरोघरी नव्हते. आणि वायरलेस काही केल्या लागेना.

ड्रायव्हर काढला, परत घातला. टाइप करून बोटं दुखली. दर वेळी पडद्यावर तेच: वायरलेसचा रेडिओ स्विचनं बंद आहे. कसला डोंबलाचा स्विच! मी तो डबा उलटा करून पाहिला, कुठे काही नव्हतं. खोटं बोलतंय मेलं.

“आमचें जुनेंच बरें होतें, माप्पिळ्ळै,” सासरे म्हणाले. जावयाला ते तमिळ पद्धतीनं माप्पिळ्ळैच म्हणतात.

सासूबाई नुसते तांदूळ सारखे करत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो.

“नमस्कार न करितांच उचललांत नव्हे?” शेवटी त्या हळूच म्हणाल्या. “रुसलें असेल.”

“बरं! घ्या, करतो!” म्हणत मी लॅपटॉप देवापुढे ठेवला आणि रागारागानं साष्टांग पडलो.

नाक बरोबर लॅपटॉपच्या पुढच्या कडेशी आलं. तिथल्या वाळलेल्या चंदनातून कसलं तरी टोक डोकावत होतं. नखानं खरवडलं. सरकवायचं इवलंसं बटण! चंदन लावताना अंगठ्यानं बंद झालेलं, आणि वर लेप घट्ट बसलेला. पडल्या पडल्याच ते सरकवलं. हिरवा दिवा लागला.

“अय्यो, पाहिलांत?” सासूबाई ओरडल्या.

मुहूर्त सरायच्या आत गिरीधर पडद्यावर आला. आजीचं बोट बघत त्यानं बोट फिरवलं. ‘श्री’ जरा लंगडा आला, पण आला.

“आजी, श्री!” तो मराठीत ओरडला. सासूबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

खरं कारण सांगायला मी तोंड उघडलं.

“तुमचें लिनक्स चांगलें आहे, माप्पिळ्ळै,” त्या म्हणाल्या. “जावयासारखेंच. मान दिला कीं चालतें.”

सासऱ्यांचं हसू थांबेना. मी मुकाट्यानं नखातलं चंदन काढत बसलो.