एका ओळीत गाद्या

सुट्टी आरामाची हवी यावर तिघी बहिणींचं एकमत झालं, आणि तिथूनच माईचा आराम हराम झाला.

एकमत म्हणजे नवलच होतं म्हणा. चहात साखर किती, यावरही या तिघींचं कधी जुळलं नव्हतं. थोरली ताई शाळेची बस चालवायची. तिने आरशातून एकदा मागे बघितलं की चाळीस पोरं श्वाससुद्धा रांगेत घ्यायची. छोटी दवाखान्यात लोकांचं रक्त काढायची आणि घरी येऊन नवऱ्याचं प्यायची, असं ताईचं म्हणणं. मधली माई पडद्यांच्या दुकानात शिवायला जायची. शिवण तिची सुतासारखी सरळ, बोलणं मात्र सगळं झालरीचं.

पोरं मोजून पाच, पण पाचांची पाच तोंडं पाच दिशांना. ताईचा उंट चौदाचा. तो असा वाढत होता की रात्री घालून निजलेली विजार सकाळी अर्धी चड्डी झालेली असायची. छोटीच्या जुळ्या अकराच्या. एकीला कळलेलं दुसरीला सांगावं लागायचं नाही आणि सगळ्या गल्लीला आपोआप कळायचं. त्यांच्या पाठची भोंगा दोन वर्षांची. ती रडायला लागली की रस्त्यावरची कुत्री लाजून गप्प बसायची. आणि माईचा बटण. नऊचा, गोल, लहानखुरा, कमी बोलणारा. दादा म्हणजे उंट जिथे, तिथे बटण शिवलेला.

रविवारी दुपारी ताईच्या जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. नवरे मंडळी बाहेरच्या खोलीत मॅच बघत होती. माईचा नवरा जहाजावर, म्हणून तिच्याकडून ती एकटीच.

"ऐका," ताई म्हणाली. "गजर लावायचा नाही. स्वयंपाक करायचा नाही. हे बघा नि ते बघा म्हणून वणवण करायची नाही. भोंगा दुपारी झोपली की मोठ्यांनी पडायचं, मोठ्या पोरांनी पोहायला जायचं. आणि रात्री पोरं सगळी एका खोलीत, एका ओळीत गाद्या टाकून. ती खिदळतील, आपण सकाळी लोळू."

"अगं, स्वर्गच की!" छोटी म्हणाली.

माईला मात्र त्या एका ओळीतल्या गाद्या नको होत्या.

कारण बटण अजून रात्री गादी ओली करायचा. रोज नाही, पण कधी करेल त्याचा नेम नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही पोरांचं उशिरा थांबतं, रागावू नका. माई रागवायची नाहीच. पहाटे उठून चादर बदलायची, आणि दोघं अळीमिळी गुपचिळी. फक्त एकदा त्याने तिचा हात धरून शपथ घातली होती, "कुणाला म्हणजे कुणालाच नाही, आई. दादाला तर मुळीच नाही." आणि माईने हो म्हटलं होतं.

"बटण निजेल माझ्याजवळ," ती आता हळूच म्हणाली.

"नऊ वर्षांचा घोडा?" ताई हसली. तोवर जुळ्यांचे कान आलेच होते दारातून. "आईचं शेपूट! आईचं शेपूट!" दोघींनी एका सुरात चालू केलं. जमिनीवर गाड्या लावत बसलेल्या बटणने मान खाली घातली. ती वाट बंद झाली.

ताईने मोबाईलवर सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं पहिलं घर दाखवलं. झाडीतलं, पुढे झोपाळा.

"छे गं बाई," माई म्हणाली. "तिथे माकडं आहेत. आमच्या दुकानातली बाई गेली होती. माकडाने तिची दातांची कवळी पळवली, स्वतः लावली आणि फांदीवर बसून सगळ्यांना हसून दाखवलं."

छोटी पोट धरून हसली. ताईने दुसरं घर काढलं. तळ्याकाठचं.

"डास! एका माणसाला पलंगासकट दारापर्यंत ओढत नेला. बायकोने पायाला धरून ठेवला म्हणून वाचला."

"आणि हे?" ताई आता हसत नव्हती.

"तिथला मालक? पहिल्या दिवशी म्हणे सगळ्यांचं वजन करून घेतो आणि निघताना पुन्हा करतो. वाढलेल्या वजनाचे पैसे वेगळे."

लोणकढी थापांत माईचा हात धरणारं कोणी नव्हतं. एरवी तिच्या थापा ऐकायला सगळी गोळा व्हायची. पण आज प्रत्येक थापेला एकेक घर पडत होतं, आणि ताईचा चेहरा बस बंद पडल्यासारखा होत चालला होता.

शेवटी तिने टेकडीवरचं एक घर काढलं. माकडं नाहीत, तळं नाही, मालक परगावी. वर पोरांसाठी लांबच लांब खोली. माईने झालर शोधली, पण मिळेना.

"बोल की," ताई म्हणाली. "घरांत खोट नाहीये माई. तुला पोरं एकत्र झोपायला नको आहेत. का? माझ्या पोराचं काही आहे का?"

"नाही गं..."

"मग काय? खरं सांग."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बटण गाड्या सोडून तिच्याकडे बघत होता. डोळे असे, की आता ही सांगणार. माईची जीभ तिच्याआधी धावली.

"उंट जरा दांडगट आहे. बटण घाबरतो त्याला रात्रीचा."

आणि माईला दिसलं, की उंट दारातच उभा आहे. भोंगाला खांद्यावर घेऊन. ती त्याच्या केसांना लगाम करून बसली होती आणि तो डोकं न हलवता, ती पडू नये म्हणून तिचे दोन्ही पाय धरून उभा होता.

त्याने भोंगाला हळूच खाली ठेवलं. आत गेला. दार आपटलंसुद्धा नाही, नुसतं लावून घेतलं.

"बरं झालं बोललीस," ताई म्हणाली आणि मोबाईल पालथा घातला.

घरी जाताना बटण माईच्या पुढे चार पावलं चालत होता. चौकात हात धरायला गेली तर त्याने हात खिशात घातले.

"मी घाबरत नाही दादाला."

"माहीत आहे रे. पण तुझ्यासाठीच..."

"मी सांगितलं होतं असं म्हण म्हणून?"

हसवणाऱ्या शंभर गोष्टी तिच्याकडे होत्या, त्यातली एकही इथे चालण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एक पडदा उलटा शिवला. दुपारी फोनवर ताईचा निरोप आला, सगळ्यांना मिळून: 'आम्ही तिघं येत नाही. तुम्ही जाऊन या.' छोटीने लगेच फोन केला. "माई, काय करून बसलीस गं? उंट काल जेवला नाही. मला विचारत होता, मावशी, माझं कधी लागलं का गं बटणला?"

संध्याकाळी माई बटणच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मी मोठ्या मावशीला खरं सांगू का?"

"नको." बटणने तिची बाही धरली. "आई, नको. मावशी जुळ्यांच्या आईला सांगेल. जुळ्या शाळेत."

"मग दादाचं काय करू रे? माझ्यामुळे त्याला वाईट वाटतंय."

बटणने पायाच्या अंगठ्याने फरशीवर एक रेघ ओढली. मग म्हणाला, "दादाला मी सांगतो. फक्त दादाला. मावशीला तू नाही सांगायचं. परत शपथ."

आता बघा, मोठ्या माणसाला जमलं नसतं ते पोर बोलून गेलं. आणि माईच्या वाट्याला काय येणार, ते तिला तिथेच कळलं. तरी तिने शपथ घेतली.

दोघं तशीच ताईकडे गेली. ताईने दार उघडलं, पण या म्हटलं नाही. बटण सरळ उंटाच्या खोलीत गेला. दार लागलं. ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला बसली. माईने शेंगांना हात घातला, तशी ताईने परात आपल्याकडे ओढली.

"ताई, मी खोटं बोलले. उंटाने बटणला कधी बोटसुद्धा लावलं नाही. बटणला त्याच्यासारखं कोणी नाही."

"मग का बोललीस?"

"ते सांगता येत नाही."

ताईचे हात थांबले. "म्हणजे? माझ्या पोराला सगळ्यांसमोर नाव ठेवलंस, त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि का, ते सांगत नाहीस?"

"नाही."

"आणखी एखादी थाप मार की. तुला काय अवघड?"

माईच्या जिभेवर तीन आल्या. तिन्ही चांगल्या होत्या. ती म्हणाली, "नाही मारत."

"तू आमच्यावर जळतेस का गं? नवरा नाही जवळ म्हणून? की माझं पोर उंच झालं म्हणून?"

हे लागलं. खरं सांगितलं असतं तर ताईने तिला तिथल्या तिथे कुशीत घेतलं असतं. ताई तशी होती. पण आतून दाराआडून काहीच आवाज येत नव्हता, आणि माई त्या दाराकडे बघून मूग गिळून बसली.

"काय समजायचं ते समज," ती म्हणाली. "पण त्याला सांग की मी खोटं बोलले. मीही सांगते. आणि सुट्टीला चला, ताई. माझ्यासाठी नको, पोरांसाठी."

दार उघडलं. उंट बाहेर आला, पाठीमागे बटण, डोळे सुजलेला.

"आई," उंट म्हणाला, "त्या टेकडीवरच्या घरात खाली बाथरूमशेजारी एक छोटी खोली आहे ना? ती आम्हा दोघांची. वर जुळ्यांना झोपू दे."

"का रे? वर एवढी मोठी खोली..."

"आमचं आहे काहीतरी."

ताईने त्याच्याकडे बघितलं, मग बटणकडे. माईने नजर शेंगांच्या ढिगात घातली, चेहऱ्यावरचं काही वाचता येऊ नये म्हणून.

"उंट," माई म्हणाली. "मी तुला दांडगट म्हटलं. ते खोटं होतं. चुकलं माझं."

उंटाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्याचा चेहरा कुणी अचानक हातात जड काही दिल्यासारखा झाला होता, आणि ते खाली ठेवायचं नाही एवढंच त्याला माहीत होतं. तो बटणला घेऊन परत आत गेला.

ताईने हात पुसले, मोबाईल उचलला. टेकडीवरचं घर अजून रिकामं होतं. तिने ते घेतलं. सगळं माईकडे न बघता.

"खालची पोरांना," ती म्हणाली. "वरची जुळ्यांना. छोटीला मागची. तुला कुठली?"

बसच्या दारात अनोळखी माणसाला विचारावं, कुठे उतरणार, तसा तिचा आवाज होता.

"कुठलीही," माई म्हणाली.