सहावा चौथरा

प्राचार्यांना आम्ही होयबा म्हणतो. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की राज्यशास्त्राच्या व्हरांड्यातल्या रिकाम्या चौथऱ्यावर आता अध्यक्षसाहेबांचा अर्धपुतळा बसणार. पुतळा घडायला वेळ लागेल, पण घोषणा उद्याच. "आणि भाषण तुम्ही करायचं. घरचंच कार्य आहे तुमचं!"

घरचं म्हणजे काय, तर संस्थेचे अध्यक्ष माझे सख्खे मामा. आईवडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, याच कॉलेजात नोकरीला लावलं. हे मी विसरलेले नाही. विसरायची सोय तरी कुठे होती? दर जेवणाला भाजीबरोबर ते ताटात पडायचंच.

पण तो चौथरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो रिकामा नाहीये सर. रिकामा ठेवलाय."

"तेच ते," होयबा म्हणाले.

तेच ते नाही. त्या व्हरांड्यात राज्यविचाराचा सगळा इतिहास एका रांगेत उभा आहे. माझ्याआधी हा विषय शिकवणाऱ्या थोरल्या सरांनी कलावर्गाकडून पुतळे करून घेतले, आणि पोरांनी त्यांना टोपणनावं दिली. दाराशी विषवाला: निकाल चुकीचा, तरी कायदा मोडायचा नाही म्हणून प्याला पिणारा. मग कोल्हा: प्रजेचं प्रेम मिळालं तर उत्तम, नाहीतर धाक पुरे. तिसरा बापवाला: राजा हा प्रजेचा बाप, आणि बापाला जाब विचारत नाहीत. चौथा करारवाला: आमच्या संमतीने गादीवर बसलास, करार मोडलास तर ऊठ. पाचवा दाढीवाला: गादीचं नंतर बघू, आधी कारखाना कुणाचा ते सांगा. सगळे पुरुष, त्यावर माझा वेगळा राग आहे. सहावा चौथरा मोकळा. "पुढचा विचार अजून व्हायचाय," थोरले सर म्हणायचे.

वर्ष संपताना एकेक विद्यार्थी त्यावर चढतो. खालून एकच प्रश्न येतो, "आम्ही तुझं का ऐकायचं?" उत्तर पटलं तर टाळ्या. नाही पटलं तर सगळे ओरडतात, "उतर खाली!" शिक्षकाने मात्र ओरडायचं नाही, हा नियम. विद्यार्थिनी असताना मलाही उतरवलं होतं, आणि मी हसत उतरले होते. 'का' असं विचारलं तरी छप्पर कोसळत नाही, हे मला त्या दगडावर कळलं. मामांच्या घरात ते कळणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते आरशासमोर हनुवटी वर करून कुठली बाजू बरी दिसते ते बघत होते.

"मामा, दुसरी कुठलीही जागा घ्या. फाटकाशी घ्या, सभागृहात घ्या. ती जागा पोरांची आहे."

"पोरांची? जमीन संस्थेची, दगड संस्थेचा. आणि तूही," ते हसून म्हणाले.

मटार सोलता सोलता मामी पुटपुटल्या, "खाल्ल्या मिठाला जागावं गं माणसानं."

बळी तो कान पिळी, हे मी वर्गात पाच पुतळे दाखवून शिकवते. पिळला जाणारा कान माझाच होता.

दुसऱ्या दिवशी व्हरांडा भरला. फोटोवाला म्हणाला, नुसता दगड काय काढू, साहेबच वर उभे राहिले तर? चौथरा कमरेइतका उंच. होयबांनी धावत खुर्ची आणली. मामा चढले, कोटाचं बटण लावलं. खुर्ची फोटोत येत होती म्हणून होयबांनी ती लांब नेऊन ठेवली, आणि माईक माझ्या हातात दिला.

भाषण मी लिहून आणलं होतं, खरंच. 'उदार', 'द्रष्टे', सगळं होतं त्यात. पण कागदावरून नजर काढून त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि एक शब्द वाचवेना.

"या चौथऱ्यावर जो चढतो," मी म्हणाले, "त्याला आमच्याकडे एक प्रश्न विचारतात. मामा, आम्ही तुमचं का ऐकायचं?"

हशा पिकला. मामांनाही गंमत वाटली. "का म्हणजे? या पोरीला मी वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. तुम्हीही सगळे माझ्याच छपराखाली शिकताय. मी बापाच्या जागी आहे. बापाला कुणी 'का' म्हणून विचारतं का?"

होयबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, हे तिसऱ्याचं उत्तर झालं. ते चौथ्याने खोडलंय. पोरं मोठी होतात म्हणून."

मामांचं हसू गेलं. "हिला गप्प बसव," ते मला म्हणाले.

पोरं माझ्याकडे बघत होती. ओरडत कुणीच नव्हतं. परीक्षा तोंडावर होती आणि छप्पर मामांचं. ती भीती मी बरोबर ओळखली, तिच्याच हाताखाली वाढले मी. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला.

शिक्षकाने ओरडायचं नाही. मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, माईकसकट होयबांच्या हातात दिलं, आणि पोरांच्यात जाऊन उभी राहिले.

"उतरा खाली, मामा."

त्यांनी खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची लांब होती. मी पुढे झाले आणि हात वर केला. त्यांनी तो धरला नाही. मग त्या मुलीने आवाज दिला, तिच्यामागून सगळी पोरं ओरडायला लागली, आणि मामांनी माझा हात धरला.